वजनाचं ऑपरेशन झाल्यावर काय खायचं, कुठल्या गोळ्या घ्यायच्या आणि कधीपर्यंत

पावसाळ्याचे दिवस, रस्ता ओला, मी भाजी घेऊन परत येत होते आणि मागून एक मुलगी ओरडली, "काकू, तुमची चप्पल राहिली!" वळून बघते तर डाव्या पायातली चप्पल दहा-बारा पावलं मागे पडलेली आणि मी तशीच अनवाणी चालत आलेली. पायाखाली ओला रस्ता आहे हेच पायाला कळलं नव्हतं. त्याआधी दोन-तीन महिने तळपायाला मुंग्या येत होत्या, जिना चढताना धाप लागायची, ते सगळं मी वयावर ढकललेलं. रक्त तपासलं तर बी-१२ आलं १३८, हिमोग्लोबिन ८.१ आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त ६. तिन्ही खूपच कमी. माझ्या बायपासला (हृदयाचं नव्हे, वजन कमी करायचं जठराचं ऑपरेशन) तेव्हा अडीच वर्षं झाली होती, वजन ३८ किलो उतरलेलं, शुगरची गोळी बंद झालेली, आणि सगळं छान चाललंय म्हणून वर्षभरापासून मी इंजेक्शनं आणि गोळ्या दोन्ही सोडून दिलेल्या.

म्हणून हे सविस्तर लिहितेय. ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय किंवा ठरलंय त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरी जे स्वयंपाक करतात त्यांच्यासाठी तर खासच. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने आणि डाएटिशियनने दिलेला चार्ट आधी, माझं नंतर. पण चार्टमध्ये "प्रोटीन ६० ग्रॅम" असं एका ओळीत लिहिलेलं असतं आणि ते आपल्या शाकाहारी स्वयंपाकघरात रोज कसं जमवायचं हे कुणी सांगत नाही, ते मी सांगते.

आधी तुमचं नक्की काय झालंय ते समजून घ्या

वजनाच्या ऑपरेशनच्या स्लीव्ह या प्रकारात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात, उरते एक केळ्यासारखी निमुळती नळी. आतड्याला हात लावत नाहीत. बायपासमध्ये वरच्या बाजूला साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करतात, म्हणजे आपले दोन मोठे चमचे, आणि ती थेट लहान आतड्याला पुढे नेऊन जोडतात, त्यामुळे आतड्याचा पहिला भाग वगळला जातो. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि जोड एकच असतो, पण आतडं त्यातही बरंच वगळलेलं असतं.

हे कशाला माहीत पाहिजे? कारण लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या त्या पहिल्या भागातच शोषलं जातं, आणि बी-१२ शोषायला जठरातून येणारं एक प्रथिन आणि ॲसिड लागतं. बायपासवाल्यांचा तो रस्ताच बदललेला, आणि स्लीव्हवाल्यांचं ते प्रथिन आणि ॲसिड बनवणारं जठरच कमी झालेलं. त्यामुळे "माझं तर स्लीव्ह आहे, मला गोळ्यांची गरज नाही" असं जे म्हणतात ना, ते चूक आहे. प्रमाण थोडं वेगळं असेल, गोळ्या दोघांनाही आयुष्यभर आहेत. जठर लहान झालंय, पण हाडांना, रक्ताला, नसांना जे लागतं ते लहान झालेलं नाही, आणि ते आता दोन घासांत कुठून येणार?

पहिले दोन आठवडे: फक्त पातळ

पहिले एक-दोन दिवस हॉस्पिटलमध्ये पाणी, नारळपाणी, गाळलेलं सूप असं पारदर्शक पातळ देतात. घरी आल्यावर साधारण दोन आठवडे पातळच, पण आता त्यात दूध, ताक, मुगाचं कढण, प्रोटीन पावडर येते. या दिवसांत माझं सगळ्यात उपयोगी भांडं म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मोजायचं छोटं झाकण. त्यात १० मिली बसतं. तीन झाकणं हळूहळू, घोट घोट, दहा-पंधरा मिनिटांत संपवायची, मग परत भरायचं. ग्लास हातात घेतला की सवयीने मोठा घोट जातो आणि छातीत असा गच्च दाब येतो की डोळ्यांत पाणी येतं. झाकणाने ते टळतं.

दिवसभराचं पाणी दीड लिटरपर्यंत न्यायचंय. पहिल्या दोन-चार दिवसांत जमत नाही, घाबरू नका, पण रोज थोडं वाढलं पाहिजे. लघवी गडद पिवळी होतेय, उभं राहिलं की चक्कर येतेय, तोंड कोरडं पडतंय म्हणजे पाणी कमी पडलंय, आणि त्यात जर उलट्या असतील तर वाट न बघता हॉस्पिटलला फोन करा.

आता एक गोष्ट जी आमच्या घरी सगळ्यांना पटवायला मला आठवडा लागला. वरणाच्या पाण्यात ताकद असते असं आपण लहानपणापासून ऐकलंय. पण वरण गाळून वरचं पाणी घेतलं तर डाळ खाली गाळणीत राहते आणि प्रोटीन डाळीत असतं. त्या पाण्याने तहान भागेल, मीठ मिळेल, चव येईल, तेवढंच. सासूबाई दिवसातून चार वेळा तेच प्रेमाने आणून द्यायच्या आणि मी प्यायचे, म्हणून पहिल्या आठवड्यात माझं प्रोटीन दिवसाला २० ग्रॅमसुद्धा झालं नाही. मग डाएटिशियन मॅडमनी सांगितलं ते केलं: साय काढलेलं दूध, त्यात बिनसाखरेची व्हे पावडर (दुधातल्या प्रोटीनची पावडर) अर्धा स्कूप, दिवसातून तीन-चार वेळा, आणि कढण करायचं तर डाळ पूर्ण घोटून मिक्सरमधून काढायची, फक्त साल गाळायची. दुधाने पोट फुगत असेल तर ताकात पावडर घाला किंवा आयसोलेट प्रकारची घ्या, त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, अगदी कमी असतं. पावडर उकळत्या दुधात टाकू नका, गुठळ्या होतात, कोमट करा.

उसाचा रस, फळांचा रस, सरबत, सोडा, कोल्ड्रिंक नको. चहा सुरुवातीला बंद, नंतर कमी साखरेचा, किंवा खरं सांगायचं तर बिनसाखरेची सवय याच काळात लावून घ्या कारण जिभेची चव बदललेली असते आणि तेव्हा सोपं जातं.

तिसरा ते सहावा आठवडा: मऊ, घोटलेलं, मग चावण्यासारखं

साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं सुरू होतं. घोटलेलं घट्ट वरण, दही कापडात टांगून केलेला चक्का बिनसाखरेचा, पनीर दुधात वाटून, अंडं खात असाल तर अगदी मऊ भुर्जी. एका वेळी दोन ते चार मोठे चमचे, बस. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ चावण्यासारखं: मुगाचं पातळ धिरडं, पातळसर पिठलं, मटकीची शिजवून मऊ केलेली उसळ, उकडलेलं अंडं, वाफवलेला मासा, कोंबडीचा खिमा.

लहान ताटली, चहाचा चमचा, आणि जेवायला वीस-पंचवीस मिनिटं. चावून चावून तोंडात पाणी होईपर्यंत. पोट भरल्याची खूण आता पूर्वीसारखी नसते. मला उचकी लागते किंवा नाक गळायला लागतं. हसू नका, अनेकांना असंच होतं, आणि त्या खुणेनंतरचा एक घास म्हणजे उलटी. "अगं एवढंसं राहिलंय, टाकायचं का?" असं कुणी म्हटलं तर झाकून ठेवा, पण खाऊ नका. अन्न टाकू नये हा संस्कार माझाही आहे, म्हणून मी आता वाढूनच कमी घेते.

गरम मऊ भात, ताजी पोळी आणि पाव हे आपल्याला मऊ वाटतात पण पोटात गेल्यावर लगदा होऊन अडकतात, हे सुरुवातीला भल्याभल्यांना कळत नाही. मला स्वतःला पातळ कुरकुरीत ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा बरी जाते, तीही तिसऱ्या महिन्यानंतर, पाव भाकरी.

पाण्याचा नियम

जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही. ताटाशेजारी तांब्या-भांडं असतंच आपल्याकडे, ते उचलून स्वयंपाकघरात ठेवा, कारण समोर असलं की हात जातो. जेवणासोबतचं ताक आणि पातळ आमटीही पाण्यातच धरायची. अन्नासोबत पाणी गेलं की पोट एकतर लगेच भरतं आणि प्रोटीन राहून जातं, नाहीतर अन्न पुढे ढकललं जातं आणि तासाभरात परत भूक. मी ताक अकरा वाजता वेगळं पिते.

६० ग्रॅम प्रोटीन, बिनमांसाचं, खरोखर कसं होतं

बहुतेक चार्टमध्ये दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लिहिलेलं असतं. आपलं साधं जेवण बघा: एक वाटी नेहमीचं पातळ वरण म्हणजे पाच-सहा ग्रॅम, अर्धी वाटी दही तीन ग्रॅम. पूर्वी आपण दोन वाट्या वरण, तीन पोळ्या, भात, उसळ असं खायचो आणि ढिगातून प्रोटीन निघायचं. आता ढीग नाही. म्हणून प्रत्येक घासात प्रोटीन जास्त आणि पाणी-पीठ कमी असं बघायला लागतं.

माझा आत्ताचा एक दिवस लिहिते. सकाळी २०० मिली दुधात एक स्कूप व्हे, दुधाचे साडेसहा आणि पावडरचे साधारण २४, म्हणजे ३० तिथेच झाले. अकराला ताक आणि ५० ग्रॅम पनीर, नऊ. दुपारी अर्धी वाटी मुगाची उसळ सहा, सोबत तीन-चार चमचे चक्का पाच, मग जागा असली तर कोशिंबीर आणि शेवटी पाव भाकरी. संध्याकाळी मूठभर फुटाणे, २० ग्रॅम, चार. रात्री अर्धी वाटी घट्ट वरण आणि २० ग्रॅम सुक्या सोया चंक्सचा खिमा, चौदा-पंधरा. बेरीज ६८-६९. अंडं खाणाऱ्यांना एका अंड्यात सहा मिळतात आणि १०० ग्रॅम शिजवलेल्या मासळीत वीसेक, त्यांचं काम बरंच सोपं आहे.

सोया चंक्स सुके १०० ग्रॅम म्हणजे ५० च्या वर प्रोटीन, आपल्या किराण्यात यापेक्षा स्वस्त प्रोटीन मला तरी सापडलं नाही. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायचे, पाणी टाकून द्यायचं, मिक्सरला फिरवायचे आणि कांदा-टोमॅटो-गोडा मसाल्यावर परतायचे, चंक्सचा तो चिवटपणा जातो. सत्तूसुद्धा चांगलं, शेंगदाणे चांगले पण त्यात तेल खूप, मूठ मोजून.

जेवताना क्रम पाळा: आधी प्रोटीन, मग भाजी, मग जागा उरली तर भाकरी किंवा भात. ताटात वाढतानाच भाकरी शेवटी घ्या.

किचनमधला वजनकाटा पहिले तीन-चार महिने वापरा. नंतर डोळ्याला अंदाज येतो. मी फ्रीजवर कागद लावला होता आणि पेनाने आकडे लिहायचे, माझा मुलगा शाळेतून आला की बेरीज करायचा आणि कमी असली की स्वतः पनीर कापून आणून द्यायचा.

गोड आणि मोदकाची संध्याकाळ

ऑपरेशनला पाच महिने झाले असताना गणपतीत मी एक उकडीचा मोदक खाल्ला, वरून तूप. वीस मिनिटांत छातीत धडधड, घामाने ब्लाऊज ओला, पोटात कळ आणि लगेच संडास. तासभर आडवी पडून होते. याला डम्पिंग म्हणतात. गोड पदार्थ पिशवीतून झपकन आतड्यात उतरतो, आतडं पाणी ओढून घेतं आणि हे सगळं होतं. हा लवकरचा प्रकार. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो, साखर आधी चढते आणि मग इन्शुलिन जास्त सुटून एकदम उतरते, हात थरथरतात, गरगरतं. बायपासवाल्यांना जास्त, पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. आता मी प्रसाद म्हणून नखाएवढा तुकडा घेते, तोही प्रोटीन खाऊन झाल्यावर. पुरणपोळी, श्रीखंड, शिरा सगळ्याला हाच नियम. दुसऱ्या प्रकारची गरगर वारंवार होत असेल तर साखर खाऊन तात्पुरतं बरं करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

गोळ्या: कुठली, किती, कधी

आकडे देते ते साधारण सगळीकडे वापरतात तेच आहेत, तुमचा डोस तुमच्या रिपोर्टवर ठरेल.

बी-१२: रोज गोळी घेतली तर ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. आपण शाकाहारी असलो तर मुळातच कमी असतं, वर मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर आणखी कमी होतं. फसवणारी गोष्ट ही की यकृतात साठा असतो, तो पुरवून पुरवून वापरला जातो, त्यामुळे गोळी बंद केल्यावर महिनोन्महिने काहीच होत नाही आणि माणसाला वाटतं आपल्याला गरज नव्हती. माझं तेच झालं. मुंग्या यायला लागतात तेव्हा नसांना इजा सुरू झालेली असते. माझा उजवा पाय पूर्ण सुधारला, डाव्या पायाच्या दोन बोटांना अजून नीट कळत नाही. आणखी एक, नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं पण बी-१२ कमी असल्याची नसांची इजा आतून चालू राहते. दोन्ही बघायला लागतं.

लोह: पाळी येणाऱ्या बायकांना आणि बायपासवाल्यांना साधारण ४५ ते ६० मिलिग्रॅम एलिमेंटल लोह रोज. पाळी नसलेल्या, कमी धोका असलेल्यांना १८. "एलिमेंटल" हा शब्द स्ट्रिपवर शोधा. गोळीचं एकूण वजन आणि त्यातलं खरं लोह यात खूप फरक असतो. लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा-कॉफी आधी-नंतर किमान एक तास नको, आपल्याकडे गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळायची सवय आहे ती मोडा. गोळीने खूप मळमळ होत असेल किंवा घेऊनही फेरिटिन वर येत नसेल तर शिरेतून लोह देतात. मला दोन वेळा द्यावं लागलं.

कॅल्शियम: अन्न आणि गोळी मिळून दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. मेडिकलमध्ये "कॅल्शियम द्या" म्हटलं की बहुतेक वेळा कार्बोनेट मिळतं. कार्बोनेट विरघळायला पोटातलं ॲसिड लागतं आणि तेच आपलं कमी झालंय. आपल्याला सायट्रेट पाहिजे. पुन्हा लेबल वाचा: १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सायट्रेट म्हणजे खरं कॅल्शियम २१० मिलिग्रॅमच्या आसपास. शरीर एका वेळी ५००-६०० च्या वर घेऊ शकत नाही म्हणून दिवसात दोन-तीन वेळा विभागून. नाचणी खा, चांगलीच आहे, पण १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास असतं आणि आपण पेज पितो ती २५ ग्रॅम पिठाची, त्याने गोळी सुटत नाही.

कॅल्शियम आणि लोह एकत्र कधीही नाही, मध्ये कमीत कमी दोन तास. कॅल्शियम लोहाला नीट शोषू देत नाही. मल्टिव्हिटामिनमध्ये लोह असेल तर त्यालाही हाच नियम.

डी-३: साधारण रोज ३००० युनिट, रक्तातली पातळी ३० च्या वर येईपर्यंत, पुढे रिपोर्ट बघून. आपल्याकडे ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा देतात, ती उपचाराची मात्रा आहे, ठरलेल्या आठवड्यांपुरती. आठवड्याची पुडी कुणीतरी चुकून रोज घेतं आणि कॅल्शियम चढून आजारी पडतं असं खरंच घडतं, म्हणून घरात पुडीवर वार लिहून ठेवा. दूध किंवा जेवणासोबत घ्या, स्निग्ध पदार्थासोबत चांगलं शोषलं जातं.

मल्टिव्हिटामिन: पूर्ण असलेलं, ज्यात झिंक, कॉपर, थायमिन, फोलेट, ए जीवनसत्त्व आहे असं. पहिले काही आठवडे चघळायची किंवा पातळ, नंतर साधी गोळी. फळांच्या चवीच्या जेली गोळ्या छान लागतात पण बहुतेकांत लोह नसतं आणि बाकीचंही अर्धवट, त्यावर विसंबू नका. केस गळतात म्हणून झिंकच्या वेगळ्या गोळ्या महिनोन्महिने घेणारे खूप आहेत, जास्त झिंकने शरीरातलं कॉपर कमी होतं आणि कॉपर कमी झालं की पायांच्या नसांचा त्रास बी-१२ सारखाच दिसतो.

माझी वेळ अशी: साडेआठला नाश्त्यासोबत कॅल्शियम, दुपारी जेवल्यावर मल्टिव्हिटामिन, साडेचारला दुसरं कॅल्शियम, मग पाचचा चहा, रात्री साडेसातच्या जेवणात तिसरं, आणि दहाला झोपताना लोह लिंबूपाण्याबरोबर. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी ती सकाळी साडेसहाला उपाशीपोटी घेऊन कॅल्शियम-लोह चार तास लांब ठेवायचं, म्हणजे पहिलं कॅल्शियम साडेदहाला जाईल.

थायमिन, हे वेगळं आणि ठळक वाचा

थायमिन म्हणजे बी-१. त्याचा साठा शरीरात दोन-तीन आठवडेच पुरतो. ऑपरेशननंतर कुणाला आठवडाभर रोज उलट्या होतायत, काही टिकत नाही, तर थायमिन झपाट्याने संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, बुबुळं थरथरणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावू. थायमिन न देता आधी ग्लुकोज दिलं तर हीच इजा वाढू शकते. तिथल्या डॉक्टरांना ऑपरेशनचं सांगा, थायमिनचं इंजेक्शन आधी द्यायला सांगा, आणि आपल्या सर्जनला फोन लावून द्या. उलट्या दोन दिवसांपेक्षा जास्त चालल्या तर सवय होईल म्हणून थांबू नका.

केस

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात. कंगवा भरून येतो. वजन झपाट्याने उतरल्याचा धक्का असतो, मुळं शाबूत असतात, प्रोटीन-लोह नीट असेल तर वर्षाच्या आत परत यायला लागतात. सहा महिन्यांनंतरही तसंच चालू असेल तर फेरिटिन बघा. बायोटिन (केसांसाठी घेतात ते जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त तपासायच्या दोन दिवस आधी थांबवा आणि लॅबला सांगा, थायरॉइडसकट बऱ्याच तपासण्यांचे आकडे त्याने चुकीचे येतात.

उपास

आमच्याकडे संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र सगळं असतं. पहिल्या वर्षी मी सासूबाईंना म्हणाले, "आई, यंदा उपास नको, डॉक्टरांनी सांगितलंय." त्या दोन दिवस गप्प होत्या. मग एका संकष्टीला स्वतःच म्हणाल्या, "देवाला दूध-दही चालतं, तुला पनीर करून देते, तेच तुझं फराळाचं." तेव्हापासून तसंच चाललंय. साबुदाणा, भगर, बटाटा, रताळं म्हणजे जवळपास नुसतं पीठ. त्याऐवजी दूध, दही, चक्का, पनीर, शेंगदाण्याची पातळ आमटी, राजगिरा. पाणीसुद्धा न घेता निर्जळी मात्र नाहीच, आणि त्या दिवशीही गोळ्या चालू.

तपासण्या

पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, मग दरवर्षी एकदा, कायम. रक्ताची साधी तपासणी, फेरिटिन, बी-१२, फोलेट, डी-३, कॅल्शियम, पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन), लिव्हर-किडनी, शुगर. बायपासवाल्यांनी झिंक, कॉपर, ए जीवनसत्त्वही विचारा. हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून खूश होऊ नका, फेरिटिन आधी पडतं. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल दिसलं तरी ते हाडांतून काढून भरलेलं असू शकतं, पीटीएच वाढलंय का त्यावरून ते कळतं. मी सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेने लावलेत, कारण एकेक आकडा बघून काही कळत नाही. फेरिटिन ४०, मग २८, मग १७, हे एकाखाली एक दिसलं की कळतं की कुठे चाललंय.

बाकीच्या औषधांचं थोडक्यात

शुगर आणि बीपीच्या गोळ्या ऑपरेशननंतर पहिल्याच आठवड्यांत कमी कराव्या लागतात, जुन्या डोसवर राहिलात तर शुगर खूप उतरेल. डॉक्टरांना विचारून. गुडघे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका, बायपासच्या जोडावर अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालतं. हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत, त्या बदलून मागा. पित्ताशय असेल तर खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने औषध देतात, ते पूर्ण करा. दारू आता पटकन आणि जास्त चढते. मूल हवं असेल तर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, आणि त्या काळात बायपासवाल्यांनी फक्त तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवू नये, डॉक्टरीणबाईंशी दुसऱ्या उपायाबद्दल बोला.

पर्समधलं कार्ड

शेवटचं काम, आजच करा. एका जाड कागदावर लिहा आणि लॅमिनेट करून पाकिटात ठेवा. माझ्या कार्डावर आहे ते असं: ऑपरेशनचं नाव आणि तारीख. सर्जनचा फोन. नवऱ्याचा फोन. रोजच्या गोळ्या. मग खाली लाल पेनाने: "आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका. उलट्या होत असतील तर ग्लुकोज लावण्याआधी थायमिन द्या. नाकातून पोटात नळी घालायची असेल तर आधी सर्जनला विचारा." एक कार्ड माझ्याकडे, एक नवऱ्याच्या पाकिटात, आणि एक फ्रीजच्या दारावर, जिथे पूर्वी प्रोटीनचा कागद होता.